तुलनेसाठी भालचंद्र

मोजा काढल्यावर माधवीच्या डाव्या घोट्याच्या वर जी गोल खूण उरली, ती दोन मिलिमीटर खोल होती आणि पूर्ण बुजायला तिला अकरा मिनिटं लागली. उजव्या पायाची साडेनऊ मिनिटांत बुजली. माधवीने दोन्ही आकडे वहीत लिहिले, तारीख घातली आणि शेरा लिहिला : ‘मोज्यांचं इलॅस्टिक घट्ट. नवे आणावेत.’

मोजे सहाच दिवसांपूर्वी आणले होते. त्याआधीचेही घट्ट होतात म्हणूनच टाकून दिले होते. एकोणतीस वर्षं मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलेल्या बाईला पायांवरची सूज ओळखता येत नव्हती असं नाही. उलट इतकी चांगली ओळखता येत होती, की तिच्याकडे दुर्लक्ष करायलाही काहीतरी पद्धत लागत होती. माधवीची पद्धत मोजायची होती. मोजत असलं की काहीतरी करतो आहोत असं वाटतं, आणि दुसरं काही करावं लागत नाही.

“आई, तुझे पाय सुजलेत,” कादंबरी म्हणाली. ती मुलगी. गुरुग्रामला नोकरी करायची आणि रविवारी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात आईबाबांकडे नाश्त्याला यायची. “हे इथे. काय म्हणतात याला मराठीत? टखना.”

“घोटा.”

“घोटा. ओके. घोटा सुजलाय तुझा.”

“मोज्याची खूण आहे ती.”

“यार आई! परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला किती मार्क दिले असतेस?”

“पद्धत बरोबर असेल तर निम्मे.”

कादंबरीने बापाकडे पाहिलं. भालचंद्र पोह्यांवर लिंबू पिळत होता. तो एका मंत्रालयात उपसचिव होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि घरातल्या कुठल्याही वादावर त्याचं एकच उत्तर ठरलेलं असायचं. ते त्याने आत्ताही दिलं.

“विषय विचाराधीन आहे,” तो म्हणाला.

विषय दोन वर्षं विचाराधीन होता. कॉलेजच्या वार्षिक तपासणीत छातीला स्टेथोस्कोप लावलेल्या एका नव्या डॉक्टरने तो बराच वेळ तिथेच धरून ठेवला, तेव्हापासून. माधवीने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. पुढे इको झाला आणि निदान कागदावर आलं. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे दोन पाकळ्यांची एक झडप असते. खालचा कप्पा आवळला की ती मिटते आणि रक्त पुढे, अंगभर जातं. माधवीची झडप नीट मिटत नव्हती. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जायचं सोडून मागे, वरच्या कप्प्यात परतत होतं.

यावर हृदय काय करतं, हा माधवीचा सगळ्यात गाजलेला तास होता. ती वर्गात एक लाल फुगा घेऊन जायची. मागे गेलेलं रक्त पुढच्या खेपेला नेहमीच्या रक्ताबरोबर पुन्हा खाली येतं, म्हणून खालचा कप्पा जास्त भरतो. जास्त भरला की जास्त ताणला जातो. आणि ताणलेला स्नायू, एका मर्यादेपर्यंत, अधिक जोराने आवळतो. त्यामुळे गळती असूनही पुढे पुरेसं रक्त जात राहतं आणि माणसाला काही कळतच नाही. तिकडे मूत्रपिंडांना मात्र वाटतं, रक्त जरा कमी येतंय, म्हणजे शरीरातलं पाणी आटलं. ती मीठ आणि पाणी साठवायला लागतात. नसा आकसून दाब सांभाळतात. सगळे आपापल्या जागी प्रामाणिकपणे राबतात आणि सगळे मिळून काही वर्षांत हृदयाची पुरती वाट लावतात. हे सांगता सांगता ती फुगा एवढा फुगवायची, की पहिल्या बाकावरच्या मुली कानांवर हात ठेवायच्या.

ती बोलायची हळू आवाजात, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. निदान तेव्हा जायचं. गेल्या वर्षीपासून तिने कॉलर माइक घेतला होता. कारण, वर्गातले पंखे आवाज करतात. पंखे आधीही करायचे.

नावापुढे डॉक्टर असलं तरी माधवी औषध देणारी डॉक्टर नव्हती. घरात कुणाला ताप आला तरी शेजारच्या ब्लॉकमधल्या दवाखान्यात जावं लागायचं. त्यामुळे झडपेसाठी ती अक्षताकडे गेली. अक्षता तिची एके काळची विद्यार्थिनी, अंबाजोगाईहून दिल्लीला शिकायला आलेली, आता दक्षिण दिल्लीतल्या एका इस्पितळात हृदयरोगतज्ज्ञ. माधवी खोलीत शिरली की अक्षता अजूनही खुर्चीतून उठून उभी राहायची. आपल्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाकडून उपचार घेण्यात काय धोका असतो, हे माधवीच्या बरंच उशिरा लक्षात आलं.

“मॅडम, डावा खालचा कप्पा आवळल्यानंतर एकोणचाळीस मिलिमीटर उरतोय,” दिवाळीनंतरच्या भेटीत अक्षता म्हणाली होती. “मागच्या वेळी सदतीस होता.”

“मोजमापातली चूक दोन मिलिमीटरची असतेच.”

“असते. आणि चाळीसच्या पुढे गेल्यावर झडप दुरुस्त केली तरी स्नायू पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही. आणि लक्षणं असतील तर चाळिसाचीही वाट बघायची नाही. ऑपरेशन लगेच.”

“लक्षणं नाहीत.”

“मॅडम, व्हायव्हात तुम्ही मला दहापैकी चार दिले होते.”

“तू रुग्णाला फक्त धाप लागते का, एवढंच विचारलंस.”

“आणि काय विचारायला हवं होतं ते तुम्ही नंतर सांगितलंत. काय होतंय ते विचारू नकोस, काय करणं सोडलंत ते विचार. म्हणून विचारते. काय काय करणं सोडलंत?”

“काहीच नाही,” माधवी म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. मेट्रो स्टेशनापासून चालत येणं तिने सोडलं होतं, पण ते रस्ता खणून ठेवलाय म्हणून. भाजीची पिशवी उचलत नव्हती, पण ती भालचंद्रच हातातून काढून घ्यायचा. दोन उश्या घेऊन झोपायची, ते मानेसाठी. महाराष्ट्र मंडळाच्या समूहगानातून बाहेर पडली होती, कारण पेटीवाले शांतारामकाका सगळंच दीड पट लांबवायचे. प्रत्येक गोष्टीला वेगळं, स्वतंत्र आणि पटण्यासारखं कारण होतं. अशी सगळी मिळून नऊ कारणं एकाच माणसाच्या आयुष्यात एकाच वर्षी जमली, याची शक्यता किती, हे गणित एखाद्या विद्यार्थ्याने मांडलं असतं तर तिने त्याची पाठ थोपटली असती.

“शिवाय माझ्याकडे आकडे आहेत,” तिने अक्षताला सांगितलं आणि पर्समधून वही काढली.

ही वही म्हणजे माधवीचा अभिमान होता. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, चांगली चालतही होती, पण माधवी रोज संध्याकाळी जिना चढायची. ऐंशी पायऱ्या, हातात स्टॉपवॉच. सुरुवातीला एक मिनिट बारा सेकंद लागायचे. आता दोन मिनिटं चाळीस. एवढ्यावरून कुणीही घाबरलं असतं, पण माधवीने घाबरण्याआधी शास्त्रशुद्ध विचार केला. एकट्या माणसाच्या आकड्याला अर्थ नसतो. तुलनेसाठी दुसरं कुणीतरी हवं. तेच वय, तेच जेवण, तोच जिना, तीच दिल्लीची हवा, आणि हृदय मात्र धडधाकट. असा माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. तो रोज संध्याकाळी साडेसहाला ऑफिसच्या गाडीतून खाली उतरायचाच. मग दोघं बरोबरच चढायचे.

“जिना मी रोज चढते,” ती म्हणाली. “आणि तुलनेसाठी भालचंद्र.”

अक्षताने पानं उलटली. दोन रकाने होते. माधवीचा वेळ वाढत गेला होता आणि भालचंद्रचाही. शेवटच्या आठवड्यात तिचे दोन चाळीस, त्याचे दोन छत्तीस. मागे आलेख कागदावर दोन रेषा होत्या, निळी आणि लाल, एकमेकींना न सोडता वर वर चढत गेलेल्या. इतके समांतर आलेख माधवीला पीएच.डी.च्या साडेचार वर्षांतही मिळाले नव्हते. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

“सरांना काय झालंय?” अक्षताने विचारलं.

“गुडघा. आणि वय. आणि ही हवा. म्हणजेच मलाही तेच झालंय. हृदयाचा दोष असता तर माझी रेषा वेगळी पडली असती.”

अक्षताने वही मिटून परत दिली. मग म्हणाली, “मॅडम, ट्रेडमिल टेस्ट करू या. जिन्यापेक्षा बरी. तुमच्या एकट्याची.”

माधवी हो म्हणाली. आधी परीक्षांचे पेपर तपासायचे होते, मग कादंबरीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मग थंडी पडली, आणि थंडीत ट्रेडमिलचे आकडे वेगळे येतात, असं तिने कुठंतरी वाचलं होतं. कुठे, ते तिला आठवत नव्हतं. न आठवणारा संदर्भ तिने विद्यार्थ्यांना कधी चालू दिला नसता.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पूर्वी, बेडकांवरच्या प्रयोगांना बंदी यायच्या आधी, दरवर्षी प्रात्यक्षिकात ती बेडकाचं हृदय थांबवून दाखवायची. पोटॅशियमचं द्रावण सोडायचं, हृदय सैल पडतं, उभं राहतं. मग साधं क्षारांचं द्रावण सोडून ते धुऊन काढायचं, आणि मिनिटाभरात ते पुन्हा ठोके द्यायला लागतं. मुलं टाळ्या वाजवायची. विसात एखादं पुन्हा सुरू व्हायचं नाही. तेव्हा माधवी त्याच हळू आवाजात म्हणायची, “ठीक आहे. दुसरा बेडूक घ्या.” झडपेच्या ऑपरेशनात माणसाचं हृदयही असंच पोटॅशियमने थांबवतात. यंत्रावर रक्त फिरवत ठेवतात, झडप शिवतात आणि मग हृदय पुन्हा सुरू करतात. माणसांचे आकडे बेडकांपेक्षा कितीतरी चांगले आहेत, हे तिने शोधनिबंधांतून पाहिलेलं होतं. पण रात्री दोन उश्यांवर टेकून पडलं, की तिला ते एकोणीस बेडूक आठवायचे नाहीत. विसावा आठवायचा.

तर त्या रविवारी नाश्ता झाला, कादंबरी गेली, आणि माधवी-भालचंद्र करोल बागेत निघाले. त्यांच्या जुन्या गाडीचा डावा आरसा एका ई-रिक्षाने उडवला होता. पुढच्या आठवड्यात चौदा जानेवारीला मंडळाबरोबर पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला जायचं होतं, आणि आरशाशिवाय हायवेवर गाडी काढायची नाही, असं भालचंद्रने जाहीर केलं होतं. गेल्या वर्षी सगळे जण स्मारकाकडे चालत गेले तेव्हा माधवी बाकावर बसून राहिली होती. धुकं होतं म्हणून. भालचंद्रही तिच्याशेजारीच बसून राहिला होता. त्याच्या गुडघ्याला धुकं सोसत नाही.

करोल बागेत जिथे मोटारींचं सामान मिळतं त्या गल्लीत शिरलं, की आधी कान जातात. प्रत्येक दुकानात हॉर्न वाजवून दाखवत असतात. आरशांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं आणि वर जायला इमारतीच्या बाहेरून लोखंडी जिना. चौतीस पायऱ्या, माधवीने खालूनच मोजल्या. ते दोघं चढायला लागले. अकराव्या पायरीवर माधवी थांबली, समोरच्या इमारतीवरच्या विजेच्या तारा बघण्यासाठी. भालचंद्रही थांबला. “हाय रे गुडघा,” तो म्हणाला. तेविसाव्या पायरीवर ती पुन्हा थांबली. तारा तिथूनही दिसत होत्या.

“काय तारा टाकल्यात लोकांनी,” तो म्हणाला.

“हो ना,” माधवी म्हणाली. याहून जास्त शब्द तेव्हा निघाले नसते.

आरसा मिळाला. सावकाश खाली उतरले. तळमजल्यावरच्या हॉर्नवाल्याने प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं, “बैठिए आंटीजी, साँस ले लीजिए.” परक्या माणसाने, तेही गिऱ्हाइकांच्या गर्दीत, एका नजरेत निदान केलं होतं. त्याने तर व्हायव्हाही दिला नव्हता. माधवी जिन्याकडे पाठ करून बसली आणि आरशाचं खोकं तिने मांडीवर घेतलं.

भालचंद्रने खिसे चाचपले. “चष्मा वर काउंटरवर राहिला. तू बस. मी येतो हळूहळू.”

“गुडघा दुखत असेल तर राहू द्या. कुणाला तरी पाठवा.”

“छे, जातो की. घाई कुठे आहे.”

माधवीने खोकं उघडलं. आरसा धड आहे ना, तडा गेलेला नाही ना, हे बघायला तिने तो बाहेर काढून समोर धरला. आरशात जिना दिसला, आणि जिन्याच्या पायथ्याशी भालचंद्र. त्याने एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं. मग कठड्याला हातही न लावता, दोन दोन पायऱ्या एका वेळी घेत, तो वर पळत गेला.

सवयीने तिने मनातल्या मनात सेकंद मोजले. चौदा. अठ्ठावन्न वर्षांचा उपसचिव चौतीस पायऱ्या चौदा सेकंदांत चढला होता, आणि वर पोचल्यावर दुकानदाराशी हसत बोलत होता. मधे श्वास घ्यायलाही थांबला नव्हता.

उतरतानाही तो तसाच उड्या मारत आला. शेवटच्या वळणाशी त्याचा वेग एकदम कमी झाला. त्याने कठडा धरला. चेहऱ्यावर एक सोसल्याची कळा आणली आणि तो लंगडू लागला. आरशात तो डाव्या पायावर लंगडत होता. आरशात डावं-उजवं उलटतं, हे माधवीने आधी हिशेबात धरलं, आणि मग खात्री करून घ्यायला स्टुलावरच वळून बसली.

“मिळाला,” तो चष्मा दाखवत म्हणाला. “काय कळ आली पण.”

“कुठला गुडघा?”

“डावा. नेहमीचा.”

“मग उजव्या पायावर का लंगडताय?”

भालचंद्रने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. त्याने उत्तराची जुळवाजुळव केली, ती टाकून दिली, आणि उकिडवा तिच्यासमोर बसला. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“मागच्या दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे परवाची नाही, तिच्या आधीची.”

“चौदा महिने?”

“अगं, तू दुसऱ्या मजल्यावर थांबायचीस, पाण्याची टाकी धुण्याची नोटीस वाचायला. मीही थांबायचो. एक दिवस, दोन दिवस. ऑगस्टमध्ये लावलेली नोटीस माणूस किती वेळा वाचणार? मला थांबायला काहीतरी कारण नको का? गुडघा सुचला.”

“आणि माझे आकडे?”

“ते काय?”

“तुम्ही माझा कंट्रोल होतात!” माधवीचा आवाज फुटला. हॉर्नवाल्याने वळून पाहिलं. “तुम्ही निरोगी आहात असं धरून मी सगळं लिहीत होते. तुमचा वेळ वाढला म्हणून माझा वाढला तरी चालेल असं म्हणत होते. चौदा महिन्यांचा डेटा बिघडवलात तुम्ही!”

“बिघडवला नाही. जपला,” तो जरा दुखावून म्हणाला. “मी रोज वही बघायचो. माझ्या नावाचा रकाना आहे त्यात, बघणारच की. तुझ्यापेक्षा चार-पाच सेकंद आधी पोचायचो नेहमी. एकदम बरोबरीने आलो असतो तर तुला संशय आला असता.”

माधवीला समांतर रेषा आठवल्या. आता तिला हसू यायला लागलं आणि हसताना धाप लागली, म्हणून तिने हसू अर्धवट ठेवलं. एकोणतीस वर्षं तिने मुलांना शिकवलं होतं, की फुगा किती सहज ताणला जातो ते बघा. आपल्या शेजारी आणखी एक फुगा चौदा महिने ताणला जात होता, त्याची तिने रोज नोंद घेतली होती आणि त्याच्या रकान्याला ‘निरोगी’ असं शीर्षक दिलं होतं.

“शनिवारचं टेबल टेनिस तुम्ही सोडलंत,” ती हळूच म्हणाली. “ते गुडघ्यामुळेच ना?”

“गुडघा दुखतो म्हणणारा माणूस टेबल टेनिस कसा खेळेल? कुणी बघितलं असतं.”

“आणि सकाळचं फिरणं.”

“अगं ते होईल पुन्हा. तू नको त्याचं...”

“आणि काला अंबला बाकावर बसलात.”

“मला काही फरक पडत नाही. खरंच.” तो खोक्याची पट्टी उगाच उघडझाप करत होता. “माधवी, मला ह्यातलं काही कळत नाही. तू वर्गात काय शिकवतेस ते मला माहीत नाही. मला एवढंच दिसतं, की मी जितका हळू चालतो तितकी तू आणखी हळू होतेस. गेल्या महिन्यात तर मला वाटलं, आता याहून हळू चालायचं म्हणजे उभंच राहायचं.”

मागे कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवून पाहिला.

मग माधवीने त्याला बेडकांबद्दल सांगितलं. पोटॅशियमबद्दल, टाळ्यांबद्दल आणि विसाव्याबद्दल. सांगताना तिला लाज वाटली. एका सुशिक्षित बाईने स्टुलावर बसून, मांडीवर गाडीचा आरसा घेऊन, आपल्याला बेडकाची भीती वाटते असं कबूल करावं, असा तो प्रकार होता. भालचंद्रने फाईल वाचावी तसं सगळं ऐकून घेतलं.

“त्या बेडकांच्या झडपा गळत होत्या?” त्याने विचारलं.

“नाही हो. चांगले धडधाकट बेडूक होते.”

“मग तू धडधाकट हृदय उगाचच बंद करायचीस. मुलांना दाखवायला.”

“शिकवायला.”

“तेच ते. हे लोक बिघडलेलं दुरुस्त करायला बंद करणार. दोन्ही एकाच फाईलीत कशी घालतेस?”

शास्त्र म्हणून त्याचं म्हणणं फारसं टिकणारं नव्हतं. तिने ते कुठल्याही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत लाल शाईने खोडलं असतं. पण तिचं स्वतःचं शास्त्र गेली दोन वर्षं मोज्यांच्या इलॅस्टिकवर टिकून होतं, त्यामुळे लाल शाई उचलायचा तिला तूर्त अधिकार नव्हता.

तिने मनाशी भालचंद्रचा रकाना पुसून टाकला. मग राहिला फक्त तिचा. एक बारा, एक तीस, एक पंचावन्न, दोन पंधरा, दोन चाळीस. शेजारी तुलनेला कुणी नसताना ते आकडे इतके सरळ होते, की पहिल्या वर्षाच्या मुलालाही वाचता आले असते. आणि कप्प्याचं माप एकोणचाळीस होतं ते नोव्हेंबरात. आता जानेवारी होता.

“फोन द्या,” ती म्हणाली. “माझा पर्समध्ये खाली कुठेतरी गेलाय.”

“कुणाला करतेस?”

“अक्षताला.”

“आज रविवार आहे.”

“तिला सवय आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तीही मला रविवारीच करायची.”

अक्षताने दुसऱ्या रिंगला उचलला. “हॅलो, सर? मॅडम बऱ्या आहेत ना?”

“मीच बोलतेय. अक्षता, लक्षणं आहेत.”

“काय, मॅडम? ऐकू येत नाहीये.”

“लक्षणं आहेत. सव्वा वर्ष झालं. तुलनेचा माणूस खोटा निघाला.”

“सर खोटे निघाले? मॅडम, कुठे आहात तुम्ही? मागे एवढा आवाज कसला?”

हॉर्नवाल्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला तीन हॉर्न एकापाठोपाठ एक ऐकायचे होते. भालचंद्र उठला, त्याच्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, “भाईसाहब, एक मिनिट, बस एक मिनिट.” गिऱ्हाइकाने मान हलवली आणि चौथा हॉर्न दाबला. माधवीने फोन एका कानावर घट्ट धरला, दुसऱ्या कानात बोट घातलं. एवढ्या मोठ्याने बोलायला लागणारा श्वास आपल्याकडे आहे की नाही, हे बघायला ती क्षणभर थांबली. तो दोन हप्त्यांत मिळाला. मग वर्गात, घरात, आयुष्यात कधी नव्हे इतक्या मोठ्याने, सगळ्या गल्लीने मान वळवावी अशा आवाजात ती ओरडली :

“ऑपरेशन करायचंय मला! ह्याच महिन्यात! तारीख दे!”